कडूबाईचं मत

आष्टीच्या बाहेर, कडा गावाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून धनगरांची दहा-बारा घरांची वस्ती आहे. त्या वस्तीतल्या कडूबाईला पंचक्रोशी ओळखायची, आणि तेही सिनेमाच्या कितीतरी आधीपासून. कुठं मयत झाली की कडूबाईला निरोप यायचा. ती उंबऱ्यात पाऊल टाकायची, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन हेल काढायची आणि तोवर गळ्यात आवंढा अडकून बसलेली माणसं ढसाढसा रडायला लागायची. तिचं रडणं देखाव्याचं नसायचं. ज्या म्हाताऱ्याला जन्मात दोनदा पाहिलं असेल त्याच्यासाठीही तिला आतून उमाळा यायचा. आपल्याला रडण्यातलं कळतं, हे तिला मनोमन ठाऊक होतं, आणि त्याचा थोडा तोराही होता.

गुडघे गेले तसं मेंढरांमागं हिंडणं सुटलं. नवरा सटवा आणि मुलगा लखन दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली नदीकाठच्या गावांकडं उतरायचे, ते पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचे. घरी राहायच्या कडूबाई, सून बबिता आणि चार शेळ्या. सकाळची कामं उरकली की दुपार अंगावर यायची. बबिता बारावीपर्यंत शिकलेली, माहेरी असल्यापासून सिनेमाचं वेड. ती फोन पत्र्याच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि दोघी सासू-सुना भिंतीला पाठ लावून बघत बसायच्या. कडूबाईच्या हातात कायम काहीतरी असायचं, निवडायची बाजरी नाहीतर सोलायचा लसूण. आणि तोंड चालू असायचं.

एकदा असाच एक सिनेमा लागला होता. शहरात गेलेला मुलगा दहा वर्षांनी घरी येतो आणि आंधळी आई त्याच्या पावलांच्या आवाजावरून त्याला ओळखते, गळ्यात पडते, देवाचे आभार मानते. बबिताचे डोळे भरून आले होते. कडूबाई मात्र उखडली. दहा वर्षं ज्यानं फोन केला नाही त्या पोराला आई आधी चार शिव्या घालील, चुलीतलं लाकूड उचलील आणि मग जेवला का म्हणून विचारील, असं ती तावातावानं म्हणाली. आईला काय देव केलंय का यांनी, राग यायचाच न्हाई तिला? बबितानं हसत हसत फोन उलटा धरला आणि सासूला न कळता ते सगळं टिपलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते सगळ्यांना बघायला टाकलं आणि वर नाव दिलं, ‘कडूबाईचं मत’.

लोकांना ते भारी आवडलं. ओळखीच्यांनी ओळखीच्यांना पाठवलं, मग अनोळखी माणसं बघायला लागली. बाई नावाला जागली, असं कुणीतरी लिहिलं ते बबितानं वाचून दाखवलं तेव्हा कडूबाई पदर तोंडाला लावून हसली. मग दर आठ-पंधरा दिवसांनी एक सिनेमा बघायचा आणि त्यावर बोलायचं, असं ठरूनच गेलं.

ती उगीच नावं ठेवणारी नव्हती. परदेशात राहणाऱ्या नवरा-बायकोच्या काडीमोडाचा एक सिनेमा बबितानं भीत भीतच लावला होता. सासूला त्यातलं काय कळणार, असं तिला वाटलं होतं. कडूबाईनं तो शेवटपर्यंत गप्प राहून पाहिला आणि मग म्हणाली, "या दोघांचं भांडण खरं हाय. भांडता भांडता ती बाई ताटं उचलीत व्हती बघ. घर मोडायला लागलं तरी हात थांबत न्हाईत." त्या मतानंतर पुण्यामुंबईच्या बायकांनी तिला लिहिलं. बबिता ते वाचून दाखवायची आणि कडूबाई पुन्हा वाच म्हणायची.

आष्टीच्या बाजारात बांगडीवालीनं तिला ओळखलं. नारायणगडाला दर्शनाला गेली तर कॉलेजातल्या पोरी बाजूला उभ्या राहून फोटो काढायला लागल्या. कडूबाई आता फोनपुढं बसताना ठेवणीतलं लुगडं नेसायची, कुंकू मोठं लावायची. बबिताही बदलली होती. लग्न होऊन आल्यापासून बावरलेली ती पोर आता सासूला इकडं बघा, तिकडं सरका, असं हक्कानं सांगायची.

सटवा मेंढरं घेऊन परत आला तेव्हा त्यालाही सगळं दाखवलं. तो फार बोलणारा गडी नव्हता. त्यानं दोन-तीन मतं पाहिली आणि एवढंच विचारलं, की ज्या माणसांनी त्या सिनेमात कामं केली ती माणसंही हे बघत असतील का?

"ती मोठी माणसं," कडूबाई म्हणाली. "त्यांना कुठला येळ आपल्याकडं बघायला."

मग तो सिनेमा आला. पाटोद्याकडच्या अजिनाथ नावाच्या तरुणानं आणि त्याच्या मित्रांनी पदरमोड करून केलेला, बीड जिल्ह्यातच चित्रित झालेला. त्यात आपल्याकडची बोली होती, आपल्याकडची माणसं होती. साहजिकच लोक मागं लागले, कडूबाई, या सिनेमाचं बोला. बबितानं तो दुपारी लावला. नेमकी त्या दिवशी दारात पाहुणी आली, मधेच शेळीनं दावं तोडलं, सोलायच्या लसणाचं सूप मांडीवर होतंच. कडूबाईनं सिनेमा तुकड्या-तुकड्यानं पाहिला.

त्यात एका शेतकरणीचा मुलगा विहिरीत बुडतो. त्याला बाजेवर घालून घरी आणतात. अंगणभर बायका आक्रोश करत असतात आणि ती आई दाराच्या चौकटीला हात लावून नुसती उभी राहते. ना किंचाळत, ना पडत. पदर घट्ट खोचते आणि शेजारच्या माणसाला विचारते, जनावरांना पाणी दावलं का?

कडूबाईला हसूच आलं. तिनं बबिताला फोन धरायला सांगितला आणि तेव्हाच्या तेव्हा मत देऊन टाकलं. बाकीचा सिनेमा बरा म्हणाली. पण ती आई? "अगं, पोटचा गोळा बाजेवर आलाय अन् ही म्हशीचं इचारती! आई हाय का खांब हाय? मी उभ्या जन्मात इतक्या मयती बघितल्या, अशी उभी राहिलेली आई काय बघितली न्हाई. रडायला येत न्हवतं तर काम घ्यायचं कावून?" एवढ्यावर ती थांबली नाही. उठली, कमरेला पदर खोचला, दाराच्या चौकटीला हात लावून डोळे वटारून उभी राहिली आणि म्हणाली, शेळ्यांना पाणी दावलं का गं, बबिता? बबिता इतकी हसली, की फोन हातात हलायला लागला.

आजवरच्या सगळ्या मतांपेक्षा ते जास्त चाललं. लोकांनी त्यातला नेमका खांबाचा तुकडा कापून घेतला, त्याला गाणी लावली. वस्तीतली पोरंसोरं चौकटीला हात लावून एकमेकांना पाण्याचं विचारायला लागली. कडूबाईला मौज वाटली.

महिनाभरानं बबिता गप्प गप्प राहायला लागली. कडूबाईनं दोनदा विचारलं, तिनं उडवून लावलं. शेवटी एका सकाळी भाकरी झाल्यावर ती जवळ येऊन बसली, म्हणाली, आत्याबाई, एक निरोप आलाय, चार दिवस झाले, मी दाबून ठेवला. आणि तिनं तो आवाज लावला. बाईचा आवाज होता, हळू, अगदी सरळ.

"मावशी, नमस्कार. मी उज्ज्वला बोलते, दिंद्रुडहून. त्या सिनेमातली आई मीच हाय. तुमचं मत ऐकलं. राग न्हाई. एवढंच सांगायचं व्हतं, की माझा पोरगा गेला तवा मी तशीच उभी व्हते. अन् जनावरांना पाणी दावलं का, ते मी खरंच इचारलतं. ते सिनेमावाल्यांनी लिहिलेलं न्हाई."

बस, एवढंच. पुढं काही नव्हतं.

कडूबाई आधी चिडली. मला काय सपान पडलं व्हतं का, म्हणाली. मी सिनेमाला बोलले, हिला कुठं बोलले? सिनेमात काम करायचं म्हणजे लोक बोलणारच. कडूबाई शेळ्या सोडायला गेली, परत आली, पाणी प्यायली, पुन्हा बाहेर गेली. दुपारी तिनंच बबिताला सांगितलं, ते लाव बरं पुन्हा.

या वेळी मांडीवर सूप नव्हतं. ती फोनच्या पुढ्यात वाकून बसली. उज्ज्वला चौकटीपाशी येते, बाजेकडं बघते, आणि मग तिची नजर कुठंच राहत नाही. पदर खोचताना बोटं पहिल्या खेपेला चुकतात. पाण्याचं विचारताना आवाज नेहमीसारखा निघतो आणि स्वतःच्याच त्या आवाजानं ती दचकते. हे सगळं तिथं होतं. महिन्यापूर्वीही तिथंच होतं. कडूबाईनं ते तीनदा लावायला सांगितलं आणि मग फोन पालथा घातला.

दोघींनी मिळून नवं मत टाकलं. कडूबाई साध्या लुगड्यातच बसली आणि म्हणाली, की मी चुकले, ती बाई खरी आहे, मी सिनेमा नीट बघितला नव्हता. उज्ज्वलाच्या पोराचं मात्र तिनं काही सांगितलं नाही. ते सांगायचा आपल्याला हक्क नाही, एवढं तिला कळत होतं. पण ते मत कुणी फारसं पाहिलंच नाही. ज्यांनी पाहिलं त्यांतल्या कुणी लिहिलं, की सिनेमावाल्यांनी दम दिलेला दिसतोय, कुणी लिहिलं, की म्हातारी आता थकली. बबितानं जुनं मत काढून टाकलं, तर खांबाचे तुकडे दुसऱ्यांच्या फोनमधून फिरतच राहिले. ते परत कसे आणायचे, हे बबितालाही माहीत नव्हतं.

मग कडूबाई म्हणाली, मला दिंद्रुडला जायचंय.

आष्टीहून बीड, बीडहून परळीकडची गाडी. सून बरोबर होती म्हणून निभावलं. वाटेत कडूबाई काय बोलायचं ते मनात जुळवत होती आणि पुन्हा मोडत होती. दिंद्रुडला उतरून विचारत विचारत घर गाठलं. चांगलं सिमेंटचं घर, पुढं ओटा, ओट्यावर एक म्हातारी कापसाची सरकी निवडत बसलेली. तिनं मान वर केली, डोळे बारीक केले आणि एकदम उठलीच.

ती उज्ज्वलाची सासू, तुळजाबाई. तिनं कडूबाईला ओळखलं होतं. हात धरून ओट्यावर बसवलं, आतून पाणी मागवलं, शेजारणीला हाक मारून सांगितलं, की बघा कोण आलंय. आणि कडूबाईनं तोंड उघडायच्या आत तिनंच सुरू केलं. "लई बरं बोलला तुमी, ताई. माझा नातू गेला तवा हिच्या डोळ्याला टिपूस न्हवतं. मी सांगत व्हते, तर लोक मलाच नावं ठेवायचे, सासू हाय म्हून बोलती. तुमी बोलला अन् माझं खरं झालं. आल्यागेल्याला मी तुमचं ते लावून दाखवते."

उज्ज्वला पाण्याचा तांब्या घेऊन दारात आलेली होती. पस्तिशीच्या पुढची, सावळी, सिनेमात दिसली त्यापेक्षा बारीक. तिनं सगळं ऐकलं. तांब्या खाली ठेवला, वाकून नमस्कार केला आणि चहा टाकायला आत गेली.

कडूबाईनं गाडीत जुळवलेलं सगळं विस्कटलं. तरी ती म्हणाली, की तुळजाबाई, मी सिनेमा धड बघितलाच नव्हता, लसूण सोलत होते, मी चुकीचं बोलले आणि तेच सांगायला आले आहे. तुळजाबाईचा चेहरा उतरला. तिनं सरकीत हात घातला. आता दारात आल्यावर माणूस असंच बोलणार, ती म्हणाली, तवा बोलला ते मनातलं व्हतं. आणि ते खरंच मनातलं होतं, हे कडूबाईला ठाऊक होतं.

चहा झाल्यावर उज्ज्वला भांडी घासायच्या निमित्तानं मागच्या दारी गेली. कडूबाई भिंतीला धरून तिच्या मागोमाग गेली आणि हौदाच्या कडेला टेकली. उज्ज्वला भांडी घासत घासत बोलत होती, जसं कुणी ओळखीच्या बाईशी बोलावं तसं. तिच्या पोराचं नाव सत्यम. सिनेमात विहीर होती, यांच्याकडं मोटारीचा करंट. सहावीत होता. आणलं तेव्हा ती गोठ्यात होती, निम्म्या जनावरांचं पाणी व्हायचं राहिलं होतं. रडू आलंच नाही. नंतर येईल असं तिला वाटलं होतं, पण तेही झालं नाही. नवरा काही बोलला नाही, पण सासू बोलली, भावकी बोलली, आणि हळूहळू तिला स्वतःलाच वाटायला लागलं, की आपल्यात काहीतरी कमी आहे.

"अजिनाथ गावात सिनेमा काढायला आलता, तवा गर्दीत उभं राहायला बायका पाहिजे व्हत्या," ती म्हणाली. "मी गेले. त्यानं मलाच आईचं काम दिलं. म्हणला, बाई, तुमी आता रडा. मी म्हणलं, मला रडता येत न्हाई. म्हणला, मग तुमच्याच्यानं जसं व्हईल तसं करा. मी उभी राहिले. झाल्यावर तिथली सगळी माणसं गप बसली. मला वाटलं, इतक्या वरसांनी कुणीतरी बघितलं."

कडूबाईनं विचारलं, की आता पुढच्या सिनेमात काम आहे का. अजिनाथनं बोलावलं होतं, उज्ज्वला म्हणाली, मोठं काम होतं. पण घरातून नको म्हणाले. नवऱ्याला गावात पोरं चिडवतात, खांबवाली म्हणून. आणि तिलाही आता तिथं जाऊन उभं राहावंसं वाटत नाही.

"माझ्यामुळं," कडूबाई म्हणाली.

उज्ज्वलानं पातेलं पालथं घातलं. "सासूबाई बोलत व्हत्या ते घरातलं घरात व्हतं, मावशी. आता फोनात हाय."

कडूबाईच्या छातीत हुंदका दाटून आला. असं काही दाटलं की मोकळं कसं करायचं, हे तिला जन्मभर येत होतं. त्या पोराचं नाव घेऊन तिनं हेल काढला असता तर अख्खी आळी गोळा झाली असती आणि ती हलकी होऊन घरी गेली असती. पण ज्या बाईला रडताच आलं नाही तिच्या हौदापाशी बसून तिच्याच पोरासाठी रडायचं, याला तिचं मन धजेना. तिनं पदर तोंडात कोंबला आणि दम येईपर्यंत तशीच बसून राहिली. उज्ज्वला तिच्याकडं बघत होती. मग तिनं ओले हात पुसले आणि कडूबाईला उठायला हात दिला.

निघताना उज्ज्वलानं दोघींना कुंकू लावलं, बबिताच्या ओटीत मूठभर शेंगा घातल्या. तुळजाबाई ओट्यावरून उठली नाही.

परतीच्या गाडीत कडूबाई खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिला कितीतरी अंगणं आठवत होती. तिच्या हेलानं सगळं अंगण रडायला लागलं, की कोपऱ्यात एखादी बाई कोरडीच राहायची. कडूबाईचं लक्ष बरोबर तिच्याकडं जायचं. घरी आल्यावर ती सटव्याला सांगायची, काय दगडाच्या काळजाची बाई हाय. त्या बायका पुढं काय झाल्या असतील, हे तिनं कधी मनात आणलं नव्हतं. चुलत जाऊ भिवराबाई त्यांतलीच. ती वारूनही आता बरीच वर्षं झाली होती.

त्यानंतर कडूबाईनं फोनपुढं बसणं बंद केलं. लोकांनी काही दिवस विचारलं, मग विसरले. बबितानं आग्रह केला नाही, पण तिचंही काहीतरी गेलं, हे कडूबाईला दिसत होतं. कुठं उभं राहायचं, उजेड कुठून घ्यायचा, हे सांगताना पोरीचा चेहरा कसा खुलायचा. ती पुन्हा खालमानेनं कामं करायला लागली. एकदा कडूबाईनं तिला सांगितलं, की तू बोल, तुझी मतं टाक. बबिता म्हणाली, मला तुमच्यासारखं बोलता येत न्हाई आत्याबाई, अन् आता भ्याही वाटतं.

कडूबाईनं उज्ज्वलाला दोनदा फोन लावायला सांगितला. पहिल्या वेळी तुळजाबाईनं उचलला, शेतात गेलीया म्हणाली. दुसऱ्या वेळी उज्ज्वला भेटली, सगळी खुशाली विचारली, सटव्याची, मेंढरांची, गुडघ्याची. सिनेमाचं काही बोलली नाही. कडूबाईचीही हिंमत झाली नाही.

गेल्या पावसाळ्यात अजिनाथचा दुसरा सिनेमा आला. जे काम उज्ज्वलाला द्यायचं होतं ते शहरातल्या एका नटीनं केलं होतं. लखन घरी होता, सटवाही होता, सगळ्यांनी मिळून दुपारी पाहिला. त्या बाईनं काम चांगलं केलं होतं. बोली तिनं मेहनत घेऊन शिकलेली कळत होती आणि शेवटी ती रडली तेव्हा लखनसारख्या गड्यानंही नाक ओढलं. कडूबाईलाही ते आवडलं. कुठंच बोट ठेवायला जागा नव्हती. तरी सिनेमाभर तिला त्या बाईच्या जागी दिंद्रुडची उज्ज्वला दिसत राहिली, तिनं हे कसं केलं असतं ते डोळ्यापुढं येता येता निसटत राहिलं.

"कसा वाटला, आत्याबाई?" बबितानं विचारलं. कितीतरी दिवसांनी तिनं तसं विचारलं होतं.

"चांगला हाय," कडूबाई म्हणाली. एवढं बोलून ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि शेळ्या सोडायला बाहेर गेली.